डॉक्टर फोनवर तयार होता, आडवा आला तो नियम : टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या भांडणाची गोष्ट

आधी नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, इगतपुरीपासून मालेगावपर्यंत. आता त्यातली माणसं काढून टाका. २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती, त्यातली फक्त साडेनऊ हजार ठेवा. बाकी सगळीकडे वाळवंट, उघडे डोंगर आणि निवडुंग.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली ब्रूस्टर काउंटी साधारण अशी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे १६ हजार चौरस किलोमीटर, नाशिकपेक्षा थोडं जास्तच. हॉस्पिटल एकच, उत्तरेकडच्या अल्पाइन गावात. दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेजवळ टर्लिंग्वा नावाची वस्ती आहे. तिथून अल्पाइन गाठायला सव्वाशे किलोमीटरहून जास्त गाडी हाणावी लागते.

टर्लिंग्वातल्या कुणाचा शनिवारी रात्री कान ठणकायला लागला किंवा लघवीला जळजळ सुरू झाली तर त्याने काय करायचं? जीव जाईल असं काही नाही, पण सोमवारपर्यंत कळ काढवतही नाही.

आज कुणीही म्हणेल, त्यात काय, डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावा. पण २०१५ मध्ये टेक्सासचं मेडिकल बोर्ड नेमकं हेच बंद करायला निघालं होतं. फोन होते, डॉक्टर तयार होते, सेवा देणारी कंपनीसुद्धा टेक्सासचीच होती. अडलं होतं ते एका प्रश्नावर. डॉक्टरने पेशंटला एकदाही समोर बसवून तपासलेलं नसेल, तर तो त्याचा डॉक्टर ठरतो का?

या प्रश्नाचं उत्तर शेवटी विधिमंडळाला द्यावं लागलं. त्यासाठी २०१७ उजाडलं.

डॉक्टर नाहीत म्हणजे किती नाहीत?

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि राज्याचा पसारा महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. ह्यूस्टनमधलं टेक्सास मेडिकल सेंटर जगातल्या सर्वात मोठ्या वैद्यकीय संकुलांमध्ये गणलं जातं. त्याच राज्यात तीसहून अधिक काउंट्यांमध्ये एकही डॉक्टर नव्हता. २०१० नंतर ग्रामीण भागातली वीसहून जास्त हॉस्पिटलं बंद पडली. पेशंट कमी, खर्च तोच आणि बिल भरू न शकणारे लोक जास्त. असं गणित कुठल्याच हॉस्पिटलला फार दिवस जमत नाही.

एखाद्या भागात डॉक्टरांची टंचाई आहे की नाही, हे ठरवायला अमेरिकेच्या केंद्र सरकारचं एक माप आहे. साध्या आजारांसाठी साडेतीन हजार लोकांमागे एक डॉक्टरही नसेल, तर तो भाग टंचाईचा. मानसोपचाराला हेच माप ३० हजार लोकांमागे एक असं आहे. माप इतकं सैल करूनही टेक्सासचा मोठा भाग त्यात नापास होतो.

गंमत म्हणजे, लांबून पेशंट तपासण्याचं तंत्र टेक्सासला नवं नव्हतं. गॅल्व्हस्टनच्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठातले डॉक्टर १९९४ पासून राज्याच्या तुरुंगांतल्या कैद्यांना व्हिडिओवर तपासत होते. कैद्याला बेड्या घालून, पोलीस सोबत देऊन शेकडो किलोमीटर नेण्यापेक्षा ते स्वस्त आणि सुरक्षित होतं. म्हणजे गजाआडच्या माणसाला स्क्रीनवर डॉक्टर भेटत होता. बाहेरच्या शेतकऱ्याला तो भेटावा का, यावर मात्र पुढे कोर्टकज्जे झाले.

भांडण सुरू कसं झालं?

टेलाडॉक ही कंपनी २००२ मध्ये डलासमध्ये सुरू झाली. काम सोपं. सभासदाने फोन करायचा, कंपनीच्या यादीतला डॉक्टर उलट फोन करणार, पेशंटने आधी भरून ठेवलेली माहिती बघणार, चार प्रश्न विचारणार आणि गरज असेल तर जवळच्या औषधांच्या दुकानात प्रिस्क्रिप्शन पाठवणार. सर्दी-खोकला, ॲलर्जी, लघवीचा संसर्ग, असे रोजचे आजार.

जून २०११ मध्ये टेक्सास मेडिकल बोर्डाने कंपनीला पत्र धाडलं. समोरासमोर तपासणी न करता औषध लिहून देणं नियमात बसत नाही, असा त्याचा सूर होता. कंपनी राज्याच्या कोर्टात गेली आणि २०१४ च्या अखेरीला अपील कोर्टात जिंकली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की बोर्ड ज्याला जुन्या नियमाचा अर्थ म्हणतंय तो प्रत्यक्षात नवा नियम आहे आणि नवा नियम करायचा तर रीतसर करा.

मग बोर्डाने तो रीतसर केला. एप्रिल २०१५ मध्ये नवा नियम मंजूर झाला. औषध लिहून द्यायचं तर आधी डॉक्टर-पेशंटची भेट झालेली हवी. एक तर प्रत्यक्ष, नाहीतर पेशंटने एखाद्या मान्यताप्राप्त दवाखान्यात जाऊन, तिथल्या नर्ससारख्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या सोबतीने स्क्रीनसमोर बसायचं.

टर्लिंग्वाच्या माणसाला याचा अर्थ सरळ होता. आधी गाडी काढ.

बोर्डाची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय न्यूमोनिया आणि साधा खोकला यातला फरक कळेलच असं नाही. फोनवर ऐकून अँटिबायोटिक लिहून द्यायची सवय लागली तर ते सगळ्यांनाच महागात पडतं. शिवाय इंटरनेटवरच्या बेलगाम औषधविक्रीचा अनुभव ताजा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत अशा वेबसाइट निघाल्या, जिथे एक प्रश्नावली भरली की डॉक्टरच्या सहीने वेदनाशामक गोळ्या घरपोच मिळायच्या. २००१ मध्ये रायन हेट नावाचा १८ वर्षांचा कॅलिफोर्नियातला मुलगा अशाच ऑनलाइन मागवलेल्या गोळ्यांनी दगावला. त्याच्या नावाने २००८ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि व्यसन लागू शकणारी औषधं इंटरनेटवरून देण्याआधी प्रत्यक्ष तपासणीची अट आली.

पण बोर्डाच्या युक्तिवादात एक भोक होतं आणि टेलाडॉकने नेमकं तिथेच बोट घातलं. एखादा डॉक्टर सुट्टीवर गेला की त्याच्या जागी दुसरा डॉक्टर फोन घेतो. त्या दुसऱ्या डॉक्टरनेही पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. तरी तो फोनवर औषध सांगतो आणि ते अमेरिकेत वर्षानुवर्षं चालत आलंय. मग तेच काम कंपनीच्या डॉक्टरने केलं की धोकादायक कसं काय ठरतं?

दात पांढरे करण्याच्या खटल्याचा इथे काय संबंध?

आता या गोष्टीत शेजारच्याही नव्हे, पार पूर्वेकडच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले डेंटिस्ट येतात.

तिथे मॉलमधल्या स्टॉलवर दात पांढरे करून देणारे लोक बसायला लागले होते. डेंटिस्टपेक्षा बरेच स्वस्त. राज्याच्या डेंटल बोर्डाने त्यांना 'हे बंद करा' अशा नोटिसा पाठवल्या. बोर्डावर बहुमत कुणाचं, तर धंदा करणाऱ्या डेंटिस्ट मंडळींचंच. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. ज्या सरकारी बोर्डावर त्याच व्यवसायातल्या लोकांचं वर्चस्व आहे आणि ज्याच्यावर राज्य सरकारची खरीखुरी देखरेख नाही, त्याला 'आम्ही सरकार आहोत' म्हणून स्पर्धा कायद्यातून सूट मिळणार नाही.

टेक्सास मेडिकल बोर्डावर १९ जागा आहेत. त्यातल्या १२ डॉक्टरांच्या.

टेलाडॉकने लगेच हा धागा पकडला आणि एप्रिल २०१५ मध्येच केंद्रीय न्यायालयात दावा ठोकला. म्हणणं असं, की दवाखाने चालवणारे डॉक्टर नियमाच्या आडून स्पर्धक मारतायत. कंपनीने कोर्टात आकडे ठेवले. डॉक्टरकडे जायचा सरासरी खर्च १४५ डॉलर, इमर्जन्सी विभागाचा १,९५७ डॉलर आणि फोनवरच्या सल्ल्याचा साधारण ४० डॉलर. आकडे कंपनीचे होते, तेव्हा ते तिच्या सोयीचे असणारच. पण इमर्जन्सीच्या बिलाचा धसका घेतलेल्या कुठल्याही अमेरिकन माणसाला ते पटण्यासारखे होते.

२९ मे २०१५ ला न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी नवा नियम लागू होण्याआधीच त्याला तात्पुरती स्थगिती दिली. बोर्ड वरच्या कोर्टात गेलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या स्पर्धा आयोगाने आणि न्याय खात्याने तिथे बोर्डाच्या विरोधात म्हणणं मांडलं. त्यानंतर महिनाभरात बोर्डाने अपील मागे घेतलं.

तरी प्रश्न सुटला नव्हता. स्थगिती म्हणजे परवानगी नव्हे. उद्या काय होईल हे माहीत नसताना कुठलं ग्रामीण हॉस्पिटल टेलिमेडिसिनवर पैसे घालेल?

मग विधिमंडळ बसलं

टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं. विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवस. वर्षाला तीन अधिवेशनं बघायची सवय असलेल्या आपल्याला हे अजब वाटेल, पण त्यामुळे तिथे एक संधी हुकली की थेट दोन वर्षांनी.

२०१७ च्या अधिवेशनाआधी टेक्सास मेडिकल असोसिएशन, फॅमिली डॉक्टरांची संघटना आणि टेलिमेडिसिन कंपन्या एका टेबलाशी बसल्या. सगळेच कोर्टबाजीला कंटाळले होते. त्यातून सिनेट विधेयक ११०७ तयार झालं. सिनेटमध्ये ते मांडलं चार्ल्स श्वर्टनर यांनी, जे स्वतः हाडांचे सर्जन आहेत. खालच्या सभागृहात ते पुढे नेलं अमरिलोच्या फोर प्राइस यांनी. २७ मे २०१७ ला गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची सही झाली. पहिल्या प्रत्यक्ष भेटीची अट सोडणारं टेक्सास हे अमेरिकेतलं शेवटचं राज्य मानलं जातं.

कायद्याने मूळ प्रश्नाला थेट उत्तर दिलं. डॉक्टर-पेशंट नातं पहिल्यांदाच स्क्रीनवर जुळू शकतं. व्हिडिओवर समोरासमोर बोलणं झालं तरी चालेल. फोनवरचं बोलणं असेल तर सोबत फोटो, रिपोर्ट किंवा जुने वैद्यकीय कागद डॉक्टरने बघितलेले हवेत. नुसती प्रश्नावली भरून घेऊन गोळ्या देणं मात्र चालणार नाही. त्या जुन्या वेबसाइटचा धडा कायद्याने लक्षात ठेवला.

त्याहून महत्त्वाची अट दुसरी. लांबून तपासलं म्हणून डॉक्टरची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. दवाखान्यात जी काळजी घेतली असती तीच स्क्रीनवर घ्यायची. स्क्रीनवर ते शक्य नसेल तर पेशंटला प्रत्यक्ष दाखवायला पाठवायचं. पेशंटची संमती असेल तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला ७२ तासांत अहवाल द्यायचा, म्हणजे कुणी काय औषध दिलं याचा पत्ता लागतो. गर्भपाताची औषधं मात्र या मार्गाने देण्यावर कायद्यातच बंदी घातली गेली. टेक्सासचं राजकारण माहीत असलेल्यांना त्यात नवल वाटलं नाही.

टेलाडॉकने त्याच वर्षी आपला दावा मागे घेतला.

हाच प्रश्न आपल्याकडेही आला होता

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कोकणातलं एक प्रकरण आलं होतं. पेशंटला प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा मुद्दा त्यात होता. पेशंटचा मृत्यू झाला होता आणि न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर सल्ला द्यायला अनेक डॉक्टर कचरू लागले.

भारतात याचं उत्तर विधिमंडळाने नव्हे, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलं. तारीख होती २५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाउनचा पहिला दिवस. पहिला सल्लासुद्धा फोन किंवा व्हिडिओवर देता येईल, पण कुठलं औषध कोणत्या प्रकारच्या सल्ल्यात लिहायचं याच्या याद्या ठरल्या. टेक्सासची सहा वर्षं आणि आपला एक कागद, अशी तुलना करायचा मोह होतो. पण आपल्या कागदामागे महासाथ उभी होती, हे विसरून चालत नाही.

एक फरक मात्र खरोखर मोठा आहे. आपल्याकडचा नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही राज्यातल्या पेशंटला या मार्गाने सल्ला देऊ शकतो. अमेरिकेत पेशंट ज्या राज्यात बसलाय, उपचार त्या राज्यात झाले असं धरतात आणि डॉक्टरकडे त्या राज्याचं लायसन्स लागतं. टर्लिंग्वाला न्यू मेक्सिकोतला डॉक्टर कदाचित ह्यूस्टनपेक्षा जवळचा असेल, पण त्याच्याकडे टेक्सासचं लायसन्स नसेल तर तो उपयोगाचा नाही. यावर तोडगा म्हणून राज्यांनी आपसात करार केला, ज्यामुळे एका राज्यातल्या डॉक्टरला दुसऱ्या राज्याचं लायसन्स लवकर मिळतं. टेक्सास त्यात २०२१ च्या कायद्याने सामील झालं.

मुलाकडे डलासला राहायला गेलेल्या आईबाबांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. तिथे बसून पुण्यातल्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर डॉक्टर ओळखीखातर बोलतीलही. पण भारताच्या हद्दीबाहेरचे सल्ले २०२० च्या सूचनांच्या कक्षेत येत नाहीत आणि तिथलं औषधांचं दुकान इकडची चिठ्ठी घेणार नाही.

परवानगी मिळाली, पण पैसे कोण देणार?

डॉक्टरला परवानगी मिळाली म्हणजे टर्लिंग्वाला डॉक्टर मिळाला असं नाही. २०१७ च्या कायद्याची खरी मर्यादा इथे दिसते.

केवळ स्क्रीनवर तपासलं म्हणून विमा कंपनी बिल नाकारू शकत नाही, एवढं कायद्यात होतं. पण नुसत्या फोनवरच्या सल्ल्याला ते संरक्षण नव्हतं. दवाखान्यातल्या भेटीइतकेच पैसे स्क्रीनवरच्या भेटीला द्या, असंही त्यात नव्हतं. गावातल्या छोट्या दवाखान्याने कॅमेरा घ्यायचा, माणूस बसवायचा आणि पैसे कमी घ्यायचे, हे जुळत नाही. आणि विमाच नसलेल्यांचं काय? विमा नसलेल्या लोकांचं प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक टेक्सासमध्येच आहे. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची व्याप्ती वाढवायला राज्याने नकार दिलेला आहे. ज्या माणसाकडे विमा नाही, त्याला व्हिडिओ कॉलचे ४० डॉलरही खिशातूनच द्यायचे असतात.

कोविडमध्ये बरेच नियम रातोरात सैल झाले. २०२१ मध्ये फोर प्राइस यांनीच आणलेल्या विधेयक ४ ने त्यातल्या काही सवलती मेडिकेडसाठी कायम केल्या. वैद्यकीयदृष्ट्या योग्य असेल आणि खर्चाला परवडेल तिथे नुसत्या फोनवरच्या सेवेलाही त्यात वाट मिळाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ज्या घरी व्हिडिओ चालेल असं नेट नाही, तिथे हाच फरक निर्णायक असतो.

टेक्सासमध्ये सर्वात दूरवर पोचलेली योजना मात्र वेगळ्याच वाटेने आली. मे २०१८ मध्ये सांता फे गावच्या हायस्कूलमध्ये गोळीबार झाला आणि दहा जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी, २०१९ च्या अधिवेशनात, मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचा एक समूह कायद्याने उभा केला गेला आणि त्याच्या सगळ्या कामांसाठी दोन वर्षांना सुमारे १० कोटी डॉलर मंजूर झाले. त्यातलंच एक काम असं. शाळेतल्या समुपदेशकाला एखाद्या मुलाची काळजी वाटली, तर पालकांच्या संमतीने ते मूल शाळेतूनच व्हिडिओवर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलतं. मोजकी सत्रं होतात, पुढे गरज असेल तर पत्ता सुचवला जातो. पालकांना एक पैसाही द्यावा लागत नाही, विमा आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

इथे कायद्याने नुसतं 'चालेल' म्हटलं नाही. डॉक्टर कोण हे ठरवलं, मूल कुठे बसेल हे ठरवलं आणि पैसेही दिले. जिथे बालमानसोपचारतज्ज्ञ औषधालाही सापडत नाही, अशा गावातल्या शाळेला त्यामुळे तो पडद्यावर का होईना, मिळू शकतो.

उरला शेवटचा अडथळा, वायरचा. ब्रूस्टरसारख्या काउंटीत एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत केबल न्यायची तर कुठल्याही कंपनीचा हिशोब कोलमडतो. २०२१ मध्ये विधेयक ५ ने राज्यात ब्रॉडबँडसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यघटनेतल्या दुरुस्तीसाठी मतदान झालं आणि लोकांनी मोठ्या बहुमताने दीडशे कोटी डॉलरच्या ब्रॉडबँड निधीला होकार दिला. मेडिकल बोर्डाच्या त्या पहिल्या पत्राला तोवर बारा वर्षं होऊन गेली होती.